बाकावरची नांदी

या गावच्या कौन्सिलनं एका मेलेल्या माणसाला गुंड म्हणून कामाला लावलं, हा आरोप आहे आणि तो तोंडावर केलेला आहे. मेलेल्या माणसाचं नाव रोसिनी. इटलीचा. ऑपेरे लिहायचा. चाळिशीच्या आत ते थांबवलं आणि पुढचं आयुष्य बरंचसं चवीनं जेवण्यात घालवलं, म्हणजे कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याच्या 'सेव्हिलचा न्हावी' या ऑपेराआधी वाजणारं संगीत, ज्याला इथे ओव्हर्चर म्हणतात आणि आपण नांदी म्हणू, ते या कौन्सिलनं २००६च्या उन्हाळ्यात लाउडस्पीकरवर चढवलं आणि पोरांच्या अंगावर सोडलं. शेतात बुजगावणं उभं करतात तसं. फरक इतकाच, की बुजगावण्याला कुणी 'आपला सांस्कृतिक वारसा' म्हणत नाही. यांनी तसं पत्रक काढलं होतं.

इंग्लंडात मिल्टन कीन्सहून गाडीनं निघालं आणि राउंडअबाउट मोजायचा नाद सोडून दिला, की हे गाव येतं. गावात दुकानांची एक रांग: चिप्सचं दुकान, केमिस्ट, बेटिंगचं दुकान, आणि नाणी टाकून कपडे धुवायचं लाँड्रेट. समोर छप्पर, आणि छपराखाली एक लांब लाकडी बाक. शाळा सुटलेली आणि नोकरी न लागलेली पोरं त्या बाकावर बसायची. चिप्स खायची, थुंकायची, एकमेकांना शिव्या द्यायची. त्यांचा युथ क्लब कौन्सिलनंच बंद केला होता, त्यामुळे जायचं कुठे हा त्यांचा प्रश्न होता. पण हुडी घातलेली पोरं बाकावर दिसली की लोकांना भीती वाटते, आणि लोकांना भीती वाटली की कौन्सिलला प्रोजेक्ट मिळतो. हा प्रोजेक्ट मिळाला अंबरीशला. इथे जन्मलेला, इथे शिकलेला, कौन्सिलच्या सुरक्षा विभागात गळ्यात ओळखपत्र अडकवून हिंडणारा हुशार मुलगा. त्याचे वडील डॉ. रघुवीर म्हणजे या कथेतले मुख्य गुन्हेगार.

रघुवीर या गावच्या हॉस्पिटलात हाडांचे सर्जन होते. मिरजेहून आले ते तरुणपणी, आणि निवृत्त होईपर्यंत अर्ध्या गावाची हाडं त्यांच्या हाताखालून गेली. जन्मभर त्यांनी भूल दिलेल्या माणसांशी गप्पा मारल्या. घरी बसल्यावर लक्षात आलं, की जागेपणी ऐकणारं माणूस एकच आहे, ते म्हणजे बायको सुलक्षणा, आणि तिला त्यांची प्रत्येक गोष्ट शेवटाकडूनही पाठ आहे. सून-मुलगा पलीकडच्या गल्लीत, पण दोघंही सकाळी जात ते अंधार पडल्यावर येत. रघुवीर पेपर वाचत, मग तोच पेपर पुन्हा वाचत. एकदा तर त्यांनी गॅसवाल्याचा चुकून आलेला फोन बराच वेळ ठेवूच दिला नव्हता.

अशा दिवसांत ते एका दुपारी दूध घेऊन परतत होते आणि छपराखालून ओळखीचे सूर आले. रोसिनीची नांदी. तरुणपणी त्यांनी नुसत्या नांद्यांची एक कॅसेट विकत घेतली होती, ती ते ऑपरेशन करताना लावत, गाडीत लावत, रविवारी घरात लावत. अख्खा ऑपेरा मात्र त्यांनी कधीच पाहिला नव्हता. दोनदा तिकिटं काढली, दोन्ही वेळा कुणीतरी शिडीवरून पडलं.

रघुवीर बाकावर टेकले. पोरं संगीताला कंटाळून केव्हाच गेली होती, बाक मोकळं होतं. आता मिरजेत नाटकं बघून वाढलेल्या माणसाचा एक नियम असतो: नांदी चालू असताना उठायचं नाही. तो त्यांच्या आजोबांनी कान पिरगाळून शिकवलेला होता. रघुवीर नांदी संपायची वाट बघत बसले. नांदी संपली. ते गुडघ्यावर हात ठेवून उठणार, तोच ती पुन्हा सुरू झाली. परत बसले. परत संपली, परत सुरू झाली. जे यंत्र माणसं हुसकवायला बसवलं होतं, त्यानं या माणसाला बाकाला खिळवून ठेवलं. शेवटी त्यांनी मोबाइल काढून आपला जुना मित्र उदय याला फोन लावला. उदय याच गावात जन्मभर जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर होता आणि आता तोही पेपर दोनदा वाचायचा.

"रिकामा आहेस?" रघुवीर कुजबुजले.

"वेड्या, रिकामाच आहे. का रे हळू बोलतोयस? हॉस्पिटलात आहेस का?"

"नाही. चिप्सच्या दुकानासमोर. नांदी चालू आहे. ये."

उदय आला. दुसऱ्या दिवशी लीलावतीबाई आल्या. त्या आधी लंडनच्या इल्फर्डला राहायच्या, जिथे भाजी घेताना तीन भाषांत भांडता येतं. यजमान गेल्यावर लेकीनं त्यांना इकडे आणलं, जिथे शेजारी वर्षातून एकदा हवामानावर बोलतात आणि तेवढ्यानं दमतात. त्यांनी डब्यातून चिवडा आणला. तिसऱ्या दिवशी थर्मास आला. चौथ्या दिवशी सुलक्षणा "बघते तरी काय चाललंय" म्हणून आली आणि विणकाम घेऊन बसली. झाला कट्टा. नियम एकच: नांदी चालू असताना बोलायचं नाही. दोन नांद्यांच्या मधे जेमतेम शिंकेपुरती जागा असे, तेवढ्यात टोनी ब्लेअरपासून लीलावतीबाईंच्या जावयापर्यंत सगळ्यांचा समाचार घ्यायचा आणि पुन्हा गप्प व्हायचं. गप्प बसायलाही माणसं लागतात, हे रघुवीरांना नव्यानं कळत होतं. ते घरी येऊन शीळ घालायला लागले होते.

या रोसिनीची एक युक्ती होती. एकच तुकडा आधी हळू वाजवायचा, मग थोडा मोठ्यानं, मग आणखी वाद्यं घालून आणखी मोठ्यानं, शेवटी छप्पर उडेल इतका. रघुवीरांनी हे सगळ्यांना समजावून सांगितलं.

"एकच वाक्य, दर वेळी थोडं वरच्या पट्टीत," सुलक्षणा सुई न थांबवता म्हणाली. "यात त्यानं काय मोठं केलं? लग्न झाल्यापासून मी हेच करतेय. मला नाही कुणी लाउडस्पीकर लावला."

इकडे अंबरीशचा आलेख बिघडला. पहिले काही आठवडे बाकावरची गर्दी शून्यावर आली होती. वरिष्ठांनी त्याची पाठ थोपटली, दुसऱ्या गावची माणसं बघायला आली. मग आलेख हळूहळू वर चढायला लागला, रोसिनीच्या तुकड्यासारखाच. एका रविवारी तो आईबाबांकडे जेवायला आला तो बाकावर रोखलेल्या कौन्सिलच्या कॅमेऱ्यातून काढलेले करडे, धुरकट फोटो घेऊनच.

"हे लोक कोण आहेत कळतच नाही," तो म्हणाला. "ती म्युझिक लावली की टीनएजर्स पळतात. आणि हे येतात. रोज. आमची कन्सल्टंट म्हणते, मे बी दे आर डेफ."

सुलक्षणानं फोटो दिव्याजवळ धरला. "यातली मधली कानटोपी मी विणली आहे," ती म्हणाली.

अंबरीशनं फोटो बघितला. मग बाबांकडे बघितलं. बाबा आमटीत भात शोधत होते.

पुढचं बरंचसं अंबरीश इंग्रजीत बोलला. तात्पर्य असं, की जानेवारीत त्याचं प्रमोशन आहे, ते याच आलेखावर आहे, आणि बाबांनी कृपा करून दुसऱ्या कुठल्याही बाकावर बसावं. पार्कात बाक आहेत, नदीकाठी आहेत. रघुवीर म्हणाले, पार्कात पाऊस आहे, नदीकाठी वारा आहे, छप्पर इथे आहे. मग त्यांनी एकच गोष्ट विचारली.

"हे संगीत निवडलं कुणी?"

अंबरीशनं फोटो गोळा करायला घेतले. "मी," म्हणाला.

रघुवीरांचा चेहरा उजळला. मुलाला आपली एखादी तरी आवड लागली म्हणायचं. "मग हेच का निवडलंस?"

"बाबा, तुम्ही दर संडेला सकाळी हेच लावायचात. फुल व्हॉल्यूम. मी डोक्यावर पिलो घेऊन गार्डनमध्ये पळायचो. पावसात पण." त्यानं खांदे उडवले. "माझ्यावर वर्क झालं, म्हणजे कुणावर पण होणार."

सुलक्षणाला हसू आवरेना, तिला पाणी द्यावं लागलं. रघुवीरांनी मात्र ताट बाजूला सारलं. मग ते सावकाश म्हणाले, की तुमच्या कौन्सिलला ठाऊक आहे का, ही नांदी मुळात त्या न्हाव्याची नव्हेच. रोसिनीनं ती आधी एका रोमन बादशहाच्या ऑपेराला लावली. मग इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीवर ऑपेरा लिहिला, त्याला तीच लावली, किरकोळ फेरफार करून. तो विसरला गेला, मग न्हाव्याला लावली, आणि न्हाव्याकडे ती टिकली.

"म्हणजे ब्लाउजपीस," सुलक्षणा म्हणाली.

"कसला ब्लाउजपीस, मम्मी?"

"अरे, मंडळाच्या हळदीकुंकवाला आलेला ब्लाउजपीस कोणी शिवतं का? घडी न मोडता पुढच्या घरी. फिरत फिरत एखादीच्या अंगाला बसतो, मग लोक म्हणतात, काय शोभतोय."

हे सगळं घरात मिटलं असतं. पण नोव्हेंबर उजाडला. पाच नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. मिरजेपासून मुंबईपर्यंत त्या दिवशी नाट्यगृहांतून नटराजाची पूजा होते, नारळ फुटतो. आणि पाच नोव्हेंबरलाच इंग्रज लोक फटाके उडवतात, कारण चारशे वर्षांपूर्वी त्या दिवशी त्यांचं पार्लमेंट दारूगोळ्यानं उडवायचा बेत फसला होता. या दोन गोष्टी एकाच तारखेला येतात हे कट्ट्यावरच्या तिन्ही शहाण्यांना ठाऊक होतं. पण त्याच्या आदल्या वर्षी लंडनच्या गाड्यांत स्फोट झाल्यापासून या देशात आपल्या रंगाच्या माणसाची पिशवीसुद्धा कोण कशी बघतं, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. पोटभर नांदी ऐकलेल्या माणसाला वाटतं, की सगळं जग प्रेक्षागृहात बसलंय.

त्याचं असं झालं. उदयनं घरचा पितळी नटराज टॉवेलात गुंडाळून आणला. लीलावतीबाईंनी उदबत्त्या आणि तमिळ दुकानातला नारळ आणला. सुलक्षणा त्या दिवशी घरीच होती. नटराज बाकावर ठेवला, तिघांनी वाकून नमस्कार केला, उदबत्त्या पेटवल्या. नांदी रंगात आली, वाद्यं वाढत गेली, आणि तुकडा शिगेला पोचला त्या क्षणी रघुवीरांनी फुटपाथवरच्या लोखंडी खांबावर नारळ हाणला. हाडांच्या सर्जनचा हात तो, एका घावात दोन भाग. उदयनं हात जोडून "नटराजाय नमः" म्हटलं.

कॅमेऱ्याच्या खोलीत बसलेल्या माणसाला दिसलं ते असं: जाड कोटांतली आशियाई माणसं, टॉवेलात गुंडाळलेली जड वस्तू, वस्तूपुढे वाकणं, मग धूर, मग तपकिरी, केसाळ, गोल काहीतरी खांबावर आपटणं. त्यानं लाल बटण दाबलं. त्याला दोष नाही, त्याला तसंच शिकवलं होतं.

पोलिसांच्या तीन गाड्या आल्या. पिवळ्या फिती बांधल्या. बस दुसरीकडून वळवली, चिप्सचं दुकान रिकामं केलं, लाँड्रेटमधली एक बाई अर्धी धुतलेली चादर घेऊन रस्त्यावर आली. एका तरुण पोलिसानं लांबूनच विचारलं, की ते काय आहे. रघुवीर म्हणाले नारळ. कशासाठी? नाटकासाठी. कुठे आहे नाटक? रघुवीरांनी लाउडस्पीकरकडे बोट दाखवलं. पोलिसानं वर बघितलं. कौन्सिलनं बसवलेला लाउडस्पीकर न्हाव्याची नांदी पहिल्यापासून वाजवत होता.

"नांदी संपेपर्यंत थांबा," लीलावतीबाई त्याला इंग्रजीतच म्हणाल्या. "मधे बोलू नये."

पोलीस चक्क थांबला. मग लीलावतीबाईंनी त्याच्या हातावर खोबऱ्याचे दोन तुकडे ठेवले आणि उजव्या हातानं घे म्हणून बजावलं. त्यानं एक तुकडा पुरावा म्हणून पिशवीत भरला आणि दुसरा तोंडात टाकला. प्रकरण तिथेच संपलं, पण स्थानिक पेपरनं ते संपू दिलं नाही. नारळाचा मोठा फोटो छापला.

मग कौन्सिलनं कन्सल्टंट बाईंना बोलावलं. उंटावरून शेळ्या हाकायचं शिक्षण घेतलेल्या त्या बाईंनी निष्कर्ष काढला, की हा गट संगीतासाठी येतो. संगीत बंद केलं की गट जाईल. एका सकाळी लाउडस्पीकर मुका झाला.

कट्ट्यावर सगळ्यांनी माना वर करून त्याच्याकडे बघितलं. मग उदय म्हणाला, की आता बोलायला हरकत नाही. आणि बांध फुटला. कित्येक आठवड्यांचं तुंबलेलं बोलणं बाहेर पडलं. आधी तासभर बसणारी माणसं आता अंधार पडेपर्यंत हलेनात. लीलावतीबाईंचा जावई, जो आजवर शिंकेशिंकेनं पुढे सरकत होता, एका दुपारीत संपला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

आणि संगीत बंद झालंय म्हटल्यावर पोरंही परत आली. त्यांच्या पुढे केली नावाची एक पोरगी होती, विशीच्या आतबाहेरची, तोंडानं फाटकी. ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, की हे बाक आमचं आहे, आजोबा, उठा.

रघुवीर तिच्या डाव्या हाताकडे बघत होते. "कोपर पूर्ण सरळ होत नाही ना?"

"तुला काय करायचंय?"

"त्यात माझे दोन स्क्रू आहेत. ट्रॅम्पोलिनवरून पडली होतीस. भूल उतरल्यावर नर्सला चावलीस."

केलीनं हात पाठीमागे लपवला, मग हळूच पुढे काढला. "थंडीत दुखतं ते," ती म्हणाली.

"दुखणारच. सरक, बस. दाखव."

त्या दिवसापासून बाकाची वाटणी झाली नाही, भागीदारी झाली. चिवड्यावर व्हिनेगर मारून खायची पद्धत या गावात तिथे सुरू झाली. थुंकणं लीलावतीबाईंच्या नुसत्या बघण्यानं बंद झालं. त्या जागी लाउडस्पीकर लावायची गरज नव्हती, एक मराठी सासू पुरली असती, पण ते कौन्सिलच्या पत्रकात बसत नाही. केलीनं सांगितलं, की तो सूर तिच्या डोक्यातून जाईना म्हणून तिनं तो मोबाइलमध्ये भरून रिंगटोन केलाय, निदान तिथे तरी आपल्या हातानं बंद करता येतो. रस्त्यावर बर्फ धरलं की लीलावतीबाईंना घरी पोचवायचं म्हणून तिनं स्वतःचा नंबर त्यांच्या फोनमध्ये घालून दिला.

बाकावरची माणसं आता दुप्पट झाली. आलेख कागदाच्या बाहेर गेला. अंबरीश आला, गाडीतच बसून राहिला, काच खाली करून म्हणाला, "बाबा, प्लीज." रघुवीरांनी त्याला चिवडा दिला. तो खाऊन निघून गेला.

नवीन वर्षात एका सकाळी रघुवीर थर्मास घेऊन पोचले तर बाक नव्हतं. फुटपाथवर बोल्टची भोकं होती, त्यांत पाणी साचलं होतं. चिप्सवाला म्हणाला, व्हॅन आली, उचललं, गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकलं होतं. इथे चोर नाही, संन्यासी नाही, फाशी बाकाला.

उभं राहून कट्टा होत नाही. दोन दिवस प्रयत्न केला. लीलावतीबाईंचे गुडघे गेलेले, त्या यायच्या बंद झाल्या. लेकीच्या घरात खिडकीशी बसून राहतात असं कळलं. उदय ब्रिस्टलला मुलीकडे गेला आणि परत कधी येणार हे सांगेना. पोरं लाँड्रेटच्या दारात उभी राहायला लागली, तिथून हुसकल्यावर बसस्टॉपवर गेली. रघुवीर पुन्हा पेपर दोनदा वाचायला लागले. एका दुपारी सुलक्षणानं बघितलं, ते स्वयंपाकघरात उभं राहून बंद रेडिओशी काहीतरी बोलत होते.

तिनं सुया खाली ठेवल्या. "कौन्सिलच्या मीटिंगला लोकांना प्रश्न विचारता येतो ना?"

"येतो. एका माणसाला एक प्रश्न."

"मग जा आणि विचारा. जन्मभर यांच्या तंगड्या जोडल्यात. एक प्रश्न विचारायला पाय लटपटतात?"

अंबरीशचा फोन आला. मी तिथे ऑफिसर्सच्या टेबलावर असणार, बाबा, तुम्ही येऊ नका, असं तो म्हणाला. रघुवीर म्हणाले, मीही तिथे असणार, तू आलास तरी चालेल.

सभागृहात खुर्च्या मऊ होत्या. ज्यांनी गावातलं बाक काढलं त्यांना इथे टेकायला, रेलायला, पेंगायला सगळी सोय होती, हे रघुवीरांनी आल्याआल्या पाहून घेतलं. मागच्या रांगेत सुलक्षणा आणि तिच्याशेजारी शालीत गुरफटलेल्या लीलावतीबाई. गॅलरीत केली आणि तिची टोळी. अंबरीश टेबलाच्या टोकाला, कागदांत मान घालून. अध्यक्षबाईंनी गोड हसून डॉक्टरांचं स्वागत केलं. त्यांचं मनगट रघुवीरांनीच बसवलं होतं, पण तो विषय कुणीच काढला नाही.

रघुवीर उभे राहिले. त्यांनी भाषण केलं नाही. त्यांनी सांगितलं, की तुम्ही ज्या संगीतानं माणसं हुसकली, ते कधीकाळी तुमच्याच राणीच्या प्रवेशाआधी वाजलेलं आहे. ते माणसांना बोलावण्यासाठी असतं. आमच्याकडे ते वाजलं की माणूस जागेवरून उठत नाही. तुम्ही ते महिनोन्महिने वाजवलंत. आम्ही आलो, बसलो, वाट बघितली. तुमची पोरंही येऊन बसली. मग तुम्ही संगीत बंद केलंत, मग बाक नेलंत.

"माझा प्रश्न साधा आहे," ते म्हणाले. "नांदी झाली. नाटक कधी सुरू करताय?"

अध्यक्षबाईंनी शेजारच्याकडे बघितलं. त्यानं त्याच्या शेजारच्याकडे. प्रश्न अजेंड्याच्या चौकटीत बसत नाही, असं त्या म्हणाल्या. तरी डॉक्टरांनी केलेल्या गावाच्या सेवेचा आम्हाला आदर आहे आणि लेखी उत्तर यथावकाश मिळेल, असंही म्हणाल्या. त्यांचा पुढच्या विषयाचा कागद वर झाला, आणि गॅलरीत नांदी वाजायला लागली.

हळू, मग थोडी मोठ्यानं. केली खिशात फोन शोधत होती. सापडत नव्हता, किंवा तिला शोधायचा नव्हता. "कृपया ते बंद करा," अध्यक्षबाई म्हणाल्या. ते थांबलं. त्यांनी तोंड उघडलं, की पहिल्यापासून सुरू. पुन्हा थांबलं, पुन्हा सुरू. सभागृहात कुणाला दिसलं नाही, पण सुलक्षणाला शेजारी दिसलं: शालीच्या आत लीलावतीबाई आपल्या फोनचं हिरवं बटण शांतपणे दाबत होत्या, लाल दाबत होत्या, पुन्हा हिरवं.

एका कौन्सिलरनं कानावर हात ठेवला. दुसरा घड्याळ बघून उठला. तिसऱ्याला अचानक कुणालातरी भेटायचं होतं. अध्यक्षबाईंनी हातोडी आपटून सभा तहकूब केली आणि कागद छातीशी धरून बाजूच्या दारानं निघाल्या. त्यांच्यामागे एकेक करून सगळे. कन्सल्टंट बाईंचा सिद्धान्त शेवटी खरा ठरला. या संगीतानं उपद्रवी गट पांगतो, फक्त लाउडस्पीकर चुकीच्या जागी लावला होता.

एकच जण बसून होता. अंबरीश. त्याचे कान लाल झाले होते, डोक्यावर घ्यायला उशी नव्हती, पण बाहेर पळायला बाग जवळच होती. तरी तो नांदी पूर्ण होईपर्यंत जागचा हलला नाही. लीलावतीबाईंनी फोन शालीत ठेवून दिला.

सभागृह शांत झालं. रघुवीर टेबलापर्यंत चालत गेले. मऊ खुर्च्या रिकाम्या पडल्या होत्या, पण ते बसले नाहीत. मागे सुलक्षणा उभी राहिली, गॅलरीत पोरं उभी राहिली, आणि गुडघे सांभाळत लीलावतीबाईही उठल्या.

"ते गेले," रघुवीर म्हणाले. "तू बसलास, म्हणून तुला विचारतो. बाक कधी परत येतंय? लेखी नको, यथावकाश नको. आम्ही सगळे उभे आहोत, अंबरीश. तोंडानं सांग."